वाचकांचे प्रश्न : आजोबांचं दाढीचं मशीन साफ कसं करायचं?

मागच्या अंकात जुन्या सेफ्टी रेझरवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं दाढीचं मशीन म्हणतात त्यावर, एक छोटं टिपण आलं होतं. त्यानंतर नाशिक आणि आजूबाजूच्या वाचकांचे इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी फोटो पाठवलेत आणि ते बघून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बहुतेकांच्या मशीनला काहीही झालेलं नाहीये, नुसता जुना साबण बसलाय. साबण निघतो. पण त्याखालचं प्लेटिंग, म्हणजे वर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर, एकदा घासून गेलं की ते घरी परत आणता येत नाही, म्हणून खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी तुम्हाला हात आवरा असंच सांगणार आहे.

प्रश्न, नाशिकरोडहून : माझे आजोबा प्रेसमध्ये होते. ते गेल्यावर त्यांची ट्रंक कुणी उघडलीच नव्हती, आता घर बदलताना उघडली तर तीन तुकड्यांत सुटणारं दाढीचं मशीन निघालं. वर पांढरा कडक थर आहे आणि खाचांमध्ये हिरवं काहीतरी साचलंय. आई म्हणते चिंच लाव, बायको म्हणते पितांबरी लाव. मी अजून काहीच लावलेलं नाही, काय करू?

उत्तर : काहीच लावलं नाहीत हे फार बरं केलंत. चिंच काय आणि पितांबरी काय, दोन्ही उघड्या पितळेसाठी आणि तांब्यासाठी आहेत, समई, घंगाळ, देवाची उपकरणी, त्यांचं काम तिथे. आंबटाने वरचा काळा थर विरघळतो, घासलं की ताजं पितळ वर येतं आणि भांडं जाड असल्यामुळे वर्षानुवर्षं असं केलं तरी त्याला काही होत नाही. तुमचं मशीन फोटोवरून आतून पितळेचं आणि वरून निकेलचं दिसतंय, आणि ते निकेल आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतं. पावडर घेऊन जोरात घासलंत तर आधी कडा पिवळ्या पडतील, मग दांड्यावरच्या नक्षीचे उंचवटे, आणि मग तुम्हाला वाटेल की अजून नीट साफ झालं नाही म्हणून तुम्ही आणखी घासाल. असं झालेली चांगली मशीनं मी बघितलीत, वाईट वाटतं.

आता तो पांढरा थर काय आहे ते बघू. साबणातली चरबीची आम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम एकत्र आले की त्याचा न विरघळणारा साका होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी वापरायचे त्यांच्या मशीनवर तो जास्त जाड असतो. हा थर खरं तर मशीनचं रक्षणच करत आलेला असतो, त्याच्याखाली निकेल बऱ्याचदा नव्यासारखं निघतं.

तर आधी तिन्ही तुकडे, म्हणजे वरची टोपी, ब्लेडखालचा बेस आणि दांडा, सुटे करा. आटे घट्ट असतील तर पक्कड लावू नका, आधी भिजवा. हात सहज ठेवता येईल इतपत कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि अर्धा-पाऊण तास पडू द्या. मग जुना मऊ टूथब्रश, नुसता हलका हात, आणि आट्यांमध्ये, दांड्याच्या जाळीदार नक्षीमध्ये ब्रश नीट फिरवा कारण सगळा माल तिथेच लपलेला असतो. बेसिनचं भोक बंद ठेवा हे सांगायला नको, पण सांगतोच. एवढ्यात थर निघाला नाही तर परत भिजवा, दुसऱ्या दिवशी परत. घाई करायचं काहीच कारण नाही, त्या ट्रंकेत ते इतकी वर्षं पडलं होतंच ना.

तरीही काही कडक ठिपके राहिले तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग असं करून पाच-दहा मिनिटं फक्त त्यात ठेवा, बाजूला उभे राहा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायचं नाही, प्लेटिंगला जिथे बारीक छिद्र असतं तिथून आम्ल आत शिरतं आणि खालचं पितळ खायला लागतं.

हिरवं जे आहे ते तांब्याचं किटण. पितळेत तांबं असतं, साबण आणि ओल मिळाली की ते हिरवं होतं. म्हणजे तिथे प्लेटिंग थोडं उडून पितळ उघडं पडलंय एवढं नक्की. लाकडी टूथपिक पाण्यात मऊ करून त्याच्या टोकाने खरवडा, सुई किंवा ब्लेडच्या टोकाने अजिबात नाही. शेवटी मऊ सुती कापडाने पुसा, तिन्ही तुकडे सुटेच एक रात्र वाळू द्या. आता बघा, कदाचित पॉलिशची गरजच वाटणार नाही. मला स्वतःला थोडं मंद झालेलं निकेल आवडतं, ते इतक्या दाढ्यांनी तसं झालेलं असतं.

प्रश्न, जुन्या नाशकातून : भद्रकालीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मशीन घेतलं. दुकानदार म्हणाला सोन्याचं पाणी दिलेलं आहे. मला वाटतं नुसतं पितळ आहे. कसं ओळखायचं आणि साफ कसं करायचं?

उत्तर : टोपीच्या आतल्या बाजूला बघा, जिथे हात लागत नाही तिथे. सोन्याचा मुलामा असेल तर तिथे रंग एकसारखा आणि तजेलदार राहिलेला असतो, पितळ असेल तर तिथेही तपकिरी डाग आणि काळपटपणा येतो कारण पितळ हवेने काळं पडतं आणि सोनं पडत नाही. दांड्यावर जिथे बोटं पकडतात तिथे जर खालून दुसराच रंग डोकावत असेल तर मुलामा होता हे नक्की. मशीन सोनेरी निघणं यात नवल नाही, जिलेटने महागडी मॉडेल सोन्याच्या मुलाम्यात काढली होती.

आणि मुलामा असेल तर कुठलंही पॉलिश लावायचं नाही. टूथपेस्ट नाही, खायचा सोडा नाही, ब्रासो तर नाहीच नाही. हा थर सगळ्यात पातळ असतो आणि काही मशीनवर त्याच्यावरही एक पारदर्शक लॅकर असतं, ते कडक गरम पाण्याने सुटून निघतं. कोमट पाणी, साबण, ब्रशपेक्षा मऊ कापड किंवा बोटं, बस. तो दुकानदार खोटं बोलत असेल असं धरून चालू नका, आधी टोपीची आतली बाजू बघा.

प्रश्न, पंचवटीहून : वडिलांचं मशीन खालची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात त्या प्रकारचं आहे. गेल्या थंडीपासून मूठ फिरतच नाही. आत्तापर्यंत मी त्यात खोबरेल तेल सोडत होतो. जोर लावू का?

उत्तर : जोर लावू नका, आतला दांडा वाकला तर दारं नीट मिटणार नाहीत आणि मग ब्लेड तिरकं बसतं. जिलेटने अशी दारांची मशीनं १९३४ पासून काढली आणि १९४७ नंतरची सुपर स्पीड तर लाखोंनी विकली गेली, पण मॉडेल कुठलंही असो, आतली रचना साधारण सारखीच. मुठीच्या आत एक लांब दांडा आहे, तो वरखाली होतो आणि दारांना ढकलतो. हे मशीन सुटं होत नाही, म्हणून सगळा साबण आणि तेल आतच राहतं.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. नाशकात डिसेंबर-जानेवारीत सकाळी काय गारठा असतो ते तुम्हाला सांगायला नको, निफाडकडे तर विचारूच नका, तेव्हा तुमची मूठ थंडीतच अडकली यात आश्चर्य काहीच नाही. शिवाय जेवणातली बरीच तेलं काही दिवसांनी चिकट होतात, त्यात साबणाचा भुगा मिसळला की आत लेपच तयार होतो.

मशीन उभं एका पेल्यात कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा, पाणी गार झालं की बदला, असं दिवसभर करा. अधूनमधून मूठ दोन्ही बाजूंना अगदी हलकेच हलवून बघा, एक केसभर जरी हलली तरी काम झालंच समजा. पुसून वाळवा, मग मुठीच्या सांध्यावर आणि दारांच्या बिजागऱ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडा, मशीन उलटं करून ठेवा, तेल उतरू द्या. तरीही नाहीच हललं तर चष्म्याच्या किंवा सराफ बाजारातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानात अल्ट्रासॉनिकचं यंत्र असतं, त्यात पाच-सात मिनिटं ठेवून द्यायला सांगा, आतला जुना साबण पाण्यात ढगासारखा बाहेर येताना दिसतो. फक्त प्लेटिंगचे पापुद्रे आधीच सुटायला लागले असतील तर हे करू नका, उरलेलेही निघतील. पुढे वर्षातून दोनदा शिलाई मशीनचं तेल पुरे.

प्रश्न, गंगापूर रोडहून : दर रविवारी ब्रासो लावून मशीन चकचकीत ठेवायचो. आता दांड्याला उभी बारीक चीर दिसते, नखाला लागते. पडलं वगैरे नाही. असं कसं झालं?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला सैन्याची एक जुनी गोष्ट आठवली आणि ती इथे बरोबर लागू पडते म्हणून सविस्तर सांगतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेकडे पितळेच्या काडतुसांचे साठे असायचे आणि पावसाळ्यात ते बऱ्याचदा घोड्यांच्या तबेल्यांमध्ये ठेवले जायचे. पावसाळा संपला की काडतुसांना आपोआप चिरा पडलेल्या असायच्या, कुणी हात न लावता. ऋतूप्रमाणे होतं म्हणून इंग्रजांनी त्याला सीझन क्रॅकिंग नाव दिलं आणि खरं कारण १९२१ मध्ये जाऊन नीट सांगितलं गेलं, ते म्हणजे घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. पितळ ओढून, दाबून नळीचा आकार दिला की त्या धातूत आतल्या आत ताण राहून जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. अशा ताणातल्या पितळेला ओलसर हवेत अमोनिया मिळाला की धातूच्या बारीक कणांच्या मधून चीर सरकायला लागते.

तुमच्या मशीनचा दांडा म्हणजे पितळेची ओढलेली पातळ नळीच आहे. जुन्या तीन तुकड्यांच्या जिलेटच्या पोकळ दांड्यांना अशा उभ्या चिरा पडतात हे गोळा करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, बऱ्याच वेळा नुसत्या वयाने आणि आटे जास्त आवळल्यानेही पडतात. त्यामुळे दोष सगळा ब्रासोचा असं मी म्हणणार नाही, पण ब्रासोत अमोनिया असतो आणि बारीक घासणारी पावडरही असते, आणि दर रविवारी तो लावून आट्यांमध्ये, नळीच्या तोंडाशी थोडा राहून जात असेल तर चिरेला मदतच झाली असणार. म्हणून जुन्या पोकळ दांड्यांना अमोनियावालं काहीही लावू नये, काच पुसायचे काही स्प्रे पण त्यातच आले, बाटलीवर वाचून घ्या. पॉलिश लावायचंच असेल तर अमोनिया नसलेली, अगदी मऊ मेटल पॉलिशची क्रीम घ्या, मटारच्या दाण्याएवढी, वर्षातून एकदा, आणि नंतर साबणाने पूर्ण धुऊन टाका.

आता चिरेचं काय. झाळकामवाल्याकडे नेऊ नका, आचेने प्लेटिंग जळतं आणि पातळ नळीची चीर आणखी उघडते. नळीचा वरचा आट्यांचा भाग निघत असेल तर आतून दोन घटकांचं इपॉक्सी भरून मधे स्टीलची काडी बसवतात, ते चांगलं टिकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काही जण दुसऱ्या मशीनचा दांडा लावतात. चालतं, पण सगळ्या मशीनचे आटे सारखे नाहीत, अगदी जुन्यांचे वेगळे आहेत. पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोटाने सहज बसल्या तरच पुढे फिरवा.

प्रश्न, देवळाली कॅम्पहून : आमच्या मशीनवर १५ नोव्हेंबर १९०४ अशी तारीख कोरलेली आहे. म्हणजे मशीन १२० वर्षांचं आहे का? घरात सांगतात की एका गोऱ्या सोल्जरने पणजोबांना दिलं होतं.

उत्तर : ती तारीख मशीन बनल्याची नाही, पेटंट मिळाल्याची आहे. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत त्या दिवशी सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि ती तारीख कंपनी पुढे बरीच वर्षं मशीनवर आणि ब्लेडवरही छापत राहिली. विक्री १९०३ मध्ये सुरू झाली होती आणि त्या पहिल्या वर्षी फक्त ५१ मशीनं आणि १६८ ब्लेडं खपली होती, तेव्हा अगदी त्या काळातलं मशीन हातात येणं अवघड. सुरुवातीच्या मशीनवर अनुक्रमांक असायचा, दांड्यावर किंवा टोपीच्या आत. साफ करताना तो भाग कशानेही घासू नका, मशीनचं वय ठरवायला तोच उपयोगी पडतो. पेटंटची १७ वर्षं १९२१ मध्ये संपली, त्यानंतर इतरांनाही तसंच मशीन काढायची मोकळीक मिळाली.

आणि सोल्जरची गोष्ट खरी असूच शकते. देवळाली ही इंग्रज सैनिकांची येण्या-जाण्याची मोठी छावणी होती आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना जिलेटची सुमारे ३५ लाख मशीनं वाटली, म्हणजे युद्धानंतर ती जगभर पसरली होती. तुमचं त्यातलंच आहे असं सांगता येणार नाही, पण घरातल्या मोठ्यांना विचारून जे आठवतं ते कागदावर लिहून डबीत ठेवून द्या. डबीच्या आतलं मखमली अस्तर ओलं करायचं नाही, मऊ कोरडा ब्रश फिरवा आणि सावलीत उघडी ठेवा, उन्हात रंग उडतो.

प्रश्न, सातपूरहून : मशीनचं निकेल अर्धं उडालंय. आमच्याकडे अजून एक कल्हईवाले येतात, त्यांच्याकडून कल्हई करून घेऊ का? की कंपनीतून क्रोम करून आणू?

उत्तर : कल्हई नको. कल्हई म्हणजे कथील, ताक-आमटी कळकू नये म्हणून पितळी भांड्याला आतून लावतात. त्यासाठी भांडं भट्टीवर चांगलं तापवावं लागतं, कथील २३२ अंशांना वितळतं आणि वरून नवसागर टाकतात, ज्यातून तोच अमोनिया निघतो ज्याची वर एवढी गोष्ट सांगितली. मशीनचे जोड झाळाचे असतील तर त्या आचेत सुटतील. आणि कथील इतकं मऊ की बोटांनीच लवकर झिजेल.

प्लेटिंग करायचं तर तुम्ही बरोबर ठिकाणी राहता, सातपूर आणि अंबड दोन्ही एमआयडीसीत प्लेटिंगची कामं चालतात. अडचण अशी की ते लोक शेकड्याने पार्ट घेतात, एका मशीनसाठी टाकी लावत नाहीत. बुलेटचे सायलेन्सर किंवा जुन्या गाड्यांचे बंपर क्रोम करून देणारा कुणी गाठलात तर तो त्याच्या मालाबरोबर तुमचे तीन तुकडे टाकून देईल. किंवा सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला देवाच्या वस्तूंना चांदीचं किंवा सोन्याचं पाणी देणारे कारागीर असतात, त्यांना विचारा, लहान वस्तू नीट हाताळायची त्यांना सवय असते.

देताना तोंडी सांगून भागत नाही, समोर उभे राहून दाखवा. प्लेटिंगच्या आधी ते बफ मारतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकचकीत करतात, आणि खरं नुकसान तिथे होतं, बफच्या चाकाखाली नक्षी बसते, नाव आणि नंबर पुसले जातात, टोपीच्या कडा गोल होतात. टोपीच्या आणि बेसच्या कडाच ब्लेड कुठल्या कोनात चेहऱ्याला लागणार ते ठरवतात, त्या गोल झाल्या तर मशीन दिसायला सुंदर आणि दाढीला रद्दी होईल. म्हणून बफ अगदी कमी, नाव असलेल्या बाजूला नाहीच. आट्यांना थर चढू नये म्हणून ते झाकायला सांगा, नाहीतर घरी आल्यावर दांडा बसणार नाही. आधी जुनं निकेल उतरवायचं, मग निकेल, हवं तर त्यावर क्रोम. क्रोम थोडं निळसर पांढरं दिसतं आणि वर्षानुवर्षं काळं पडत नाही, निकेलला किंचित पिवळट ऊब असते. जुन्या मशीनला मला निकेलच शोभून दिसतं.

पण हे सगळं वापरायचं मशीन असेल तरच. मशीन दुर्मीळ असेल आणि कधी विकायचा विचार असेल तर काहीच करू नका, गोळा करणारे लोक नव्या प्लेटिंगपेक्षा झिजलेल्या मूळ प्लेटिंगला जास्त किंमत देतात. आणि निकेल उडालेल्या पितळेनेही दाढी होतेच, वापरून झाल्यावर पुसून ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न, इगतपुरीहून : मशीन वजनाला हलकं आहे, बेसवर बारीक खड्डे पडलेत आणि त्यातून राखाडी-पांढरी भुकटी निघते. पावसाळ्यात जास्त होतं.

उत्तर : हे पितळ नाही. अगदीच हलकं असेल तर ॲल्युमिनियम, मध्यम असेल तर जस्ताचा ओतीव मिश्रधातू, आणि स्वस्त मशीनमध्ये हे दोन्ही भरपूर वापरलेत. जस्तावरचं क्रोम एकदा फुटलं की आतून खड्डे पडत जातात आणि ते भरून येत नाहीत, प्लेटिंगवालेही बहुतेक नाही म्हणतात. व्हिनेगर, लिंबू अजिबात नको, जस्त आम्लात विरघळतं. ॲल्युमिनियमला उलट धुण्याचा सोडा नको, काळं पडतं. आणि हार्पिक कशालाच नको, दोन वाचकांनी ते विचारलंय म्हणून सांगतो, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते क्रोमही उतरवतं, आणि ब्लीचबरोबर एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो.

साबण-पाणी, कोरडं करणं आणि खनिज तेलाचा हलका हात, एवढंच. इगतपुरीच्या पावसात ते बाथरूममध्ये ठेवूच नका, सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा. बेसवरचे खड्डे ब्लेड टेकतं त्या कडेपर्यंत आले असतील तर मात्र त्याने दाढी करू नका.

प्रश्न, इंदिरानगरहून : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला आजोबांच्या मशीननेच दाढी करायची आहे. हे सुरक्षित आहे का? आणि डबीत जुनी गंजलेली ब्लेडं पण आहेत, त्यांचं काय करू?

उत्तर : त्याला करू द्या, मला फार आनंद झाला हे वाचून. काविळीच्या भीतीबद्दल तुम्ही पुढे लिहिलंय, तर हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो, पण वर्षानुवर्षं नाही, तेव्हा वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमधून तो येईल अशी भीती नाही. धनुर्वाताचे जंतू मात्र फार चिवट असतात, मातीत, धुळीत असतात आणि नुसत्या स्पिरिटने मरत नाहीत, म्हणून आधी घासून धुणं महत्त्वाचं, खाचांमधली घाण निघाली पाहिजे. मग मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के अल्कोहोल घेऊन त्यात दहा मिनिटं बुडवा आणि वाळवा. दांडा बॅकेलाइटचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर बुडवू नका, कापसाने पुसा, आणि उकळत्या पाण्यात तर अजिबात नको. मुलाला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन दहा वर्षं झाली असतील तर ते मशीन असो नसो, घ्यायलाच हवं.

ब्लेड नवंच घ्यायचं. छान गोष्ट अशी की आजची दोन धारांची साधी ब्लेडं, टोपाझ असो की सेव्हन ओ क्लॉक, या जुन्या मशीनमध्ये नीट बसतात, मधली फट तीन खुंट्यांवरही बसते आणि एका पट्टीवरही. बसवल्यावर दोन्ही बाजूंना ब्लेडची कड सारखी बाहेर आलीये ना ते उजेडात बघा, एका बाजूला जास्त असेल तर सैल करून परत बसवा. आणि मुलाला सांगा की आजच्या कार्ट्रिजवाल्या, म्हणजे डोकंच बदलायच्या, रेझरसारखं दाबायचं नाही, मशीनच्या वजनानेच काम होतं, ब्लेड चेहऱ्याला साधारण ३० अंशांत लागेल असा दांडा धरायचा, आणि पहिले काही दिवस फक्त गालांची दाढी त्याने करावी, हनुवटी आत्तापर्यंत करत आलाय तशीच.

एकच मशीन दोघांनी वापरायचं नाही, घरातले असले तरी.

जुनी गंजलेली ब्लेडं बहुतेक कार्बन स्टीलची असतील. स्टेनलेसची ब्लेडं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सगळीकडे आली, त्याआधीची ओलीच राहिली की दोन दिवसांत गंज धरायची, म्हणून आजोबा लोक ब्लेड काढून पुसून कागदात ठेवायचे आणि काचेच्या पेल्यात आतून घासून धार लावायचे. न उघडलेली, छापील कागदातली ब्लेडं असतील तर ती आठवण म्हणून डबीतच राहू द्या. सुटी ब्लेडं पत्र्याच्या एखाद्या बंद डब्यात टाका, झाकणाला फट पाडून घेतलीत तर पुढची वापरलेली ब्लेडंही त्यातच जातील. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने गच्च बंद करा, वर मोठ्या अक्षरात ब्लेड असं लिहा आणि घंटागाडी आली की सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा हातात द्या, आत काय आहे ते सांगून. कचरा वेगळा करणारे ते लोक हातानेच करतात.